मेण गार होण्याआधी

४ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरला आहे म्हणून प्रत्यक्षात अर्धाच घातला, उरलेला गुडघा सुटल्यावर घालीन.

लिहिण्याचं कारण एकच आहे आणि ते खुर्चीत नीट बसून वाच. मी बाटिक शिकू लागलो आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. छत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली, चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालो, पण सवय काही निवृत्त व्हायला तयार नाही. मागच्या महिन्यात बेकरीत बिस्किटं घेताना मी नकळत काट्याखाली वाकून शिक्का तपासायला लागलो. बेकरीवाला अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, आता तुम्ही गिऱ्हाईक आहात." ताई, ते वाक्य मला फार लागलं. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, गोळी देतो, पण खरा रोग रिकामपण आहे, हातांना काहीतरी काम द्या. म्हणून सुतारकामाच्या वर्गात नाव घालायला गेलो तर तो भरलेला. त्याच जिन्यावर एक मजला वर पाटी दिसली, 'बाटिक: मेण आणि रंगाने कापड सजवा'. अर्धा जिना चढलोच होतो, म्हटलं वाया कशाला घालवा.

वर्गात सात जणी आणि मी. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. पहिल्या दिवशी मी थर्मामीटर आणि नोंदवही घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "हे काय?" मी म्हणालो, "मेणाचं तापमान." त्यांनी थर्मामीटर उचलला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. म्हणाल्या, "मेण कापडावर पडलं की डोळ्यांनी बघायचं. कापड ओलं झाल्यासारखं आरपार दिसलं तर मेण गरम. पिवळट थर होऊन नुसतं वर बसलं तर गार. गार मेण कापडात शिरत नाही, मग खालून रंग शिरतो." छत्तीस वर्षांत माझं साधन जप्त करायची कुणाची हिंमत झाली नव्हती. जप्ती करायचो ती मी.

काम असं असतं. पांढरं कापड चौकटीवर ताणायचं. वितळलेलं मेण एका छोट्या चोचीच्या पळीत घ्यायचं आणि त्या चोचीने कापडावर चित्र काढायचं. मग कापड रंगाच्या टबात बुडवायचं. मेण आहे तिथे रंग लागत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं, की झाकलेलं सगळं पांढरंशुभ्र बाहेर येतं. सोपं वाटतं ना? करून बघ.

सोबत माझा पहिला रुमाल पाठवतो आहे. त्यावर काय आहे ते सांगत नाही, ओळख. बाईंनी ओळखलं. बाई सहसा कौतुक करत नाहीत, पण रुमाल बघून "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" वर्गात फार मानलं जातं.

तू माझ्यासाठी खोली तयार करते आहेस हे कळलं. येईन, नक्की येईन, पण वर्गाची मुदत तरी संपू दे. बाई म्हणतात, मध्येच सोडलं तर हात बसत नाही.

तुझा,
भाऊ

*

१२ जानेवारी

चि. ठोंब्या,

आशीर्वाद आहेत. सगळे एकदम देत नाही, काही राखून ठेवलेत.

रुमाल मिळाला. मी म्हटलं कासव. तुझे भाऊजी म्हणाले ढग. पोस्टमनला दाखवला तर तो बिचारा घाबरून म्हणाला, "कुणाला लागलं का हो?" सध्या तो मी लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलाय. तिथे शोभतो.

बाटिक शिक नाहीतर तबला शिक, माझी ना नाही. पण तुझ्या एवढ्याशा पत्रात 'बाई' हा शब्द चौदा वेळा आलाय. डॉक्टर एकदा, गुडघा दोनदा, मी जेमतेम तीनदा, आणि बाई चौदा वेळा! कोण आहे ही? घरी कोण कोण असतं तिच्या? तुझा थर्मामीटर कुलपात टाकते आणि तू मुकाट्याने बघत बसतोस? तू? तुझ्या तिसाव्या वर्षी मी हातापाया पडून एक चांगलं स्थळ आणलं होतं. मुलीच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि तू चहा प्यायच्या आधी त्यांचा काटा जप्त केलास. तेव्हापासून मी त्या गल्लीतून जात नाही. आणि आता एकसष्टाव्या वर्षी हे निळ्या हातांचं काय काढलंस?

तू साधा आहेस रे. तुला कुणीही गुंडाळेल. वजनात तुला कुणी फसवू शकत नाही, बाकी सगळ्यात कुणीही फसवू शकतं.

खोली तयार आहे. माझं शिवणयंत्र ओढून बाहेर काढलं, त्यात कंबर धरली. पलंग खिडकीशी लावलाय. दिवसभर एकटा घरात बसून काटे मोजण्यापेक्षा इथे ये. भाऊजी कुणाशी बोलत नाहीत, पण रेडिओशी बोलतात, तेव्हा घर अगदीच सुनं वाटणार नाही. मुदत-बिदत काही सांगू नकोस. कधी येतोस ते कळव.

तुझी,
ताई

*

२३ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. आधी दुरुस्ती. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो हे तुला माहीत आहे. मोजलं. 'बाई' पाच वेळा. तुझ्या मोजणीत नऊचा फरक आहे, आमच्या खात्यात एवढ्या फरकाला थेट खटला भरतात. दुसरं म्हणजे रुमालावर तराजू आहे. कासव नाही, ढग नाही, आणि कुणाला लागलेलं नाही.

माझ्याकडून परवा एक घोटाळा झाला. मोठं कापड घेतलं होतं, झाड काढायचं ठरवलं. खोड, फांद्या, एक एक पान मी मेणाने असं भरलं की मुंगीला जागा ठेवली नाही. चार दिवस लागले. मग ते हिरव्या रंगात बुडवलं. बाहेर काढतो तर आकाश हिरवंगार आणि झाड पांढरंफटक! ज्याला रंग द्यायचा तेच मी झाकून बसलो होतो. सगळ्या जणी जमल्या. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "हे झाडाचं भूत आहे." मी म्हणालो, "ते मुद्दामच तसं आहे." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नका, कान लाल झालेत तुमचे."

माझे कान लाल होतात हे मला एकसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तू तरी सांगायचंस.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर मला यात काही रस नाही. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. वर्गाच्या मागच्याच खोलीत राहतात. चहात साखर दीड चमचा. डाव्या गुडघ्याचा त्रास आहे, त्यामुळे जिन्याच्या नवव्या पायरीवर थांबतात आणि थांबलोय असं वाटू नये म्हणून पिशवीत काहीतरी शोधतात. पिशवीत काही नसतं.

आणि त्यांचा काटा! ताई, तुला काय सांगू! रिकामा असताना बारा ग्रॅम दाखवत होता. म्हणजे वीस ग्रॅम रंग मोजला की प्रत्यक्षात आठच पडणार. मी हादरलो. म्हटलं, "बाई, इतकी वर्षं रंग बरोबर कसा येतो तुमचा?" त्या म्हणाल्या, "मी काट्याकडे बघतच नाही. तो विद्यार्थ्यांना धीर यावा म्हणून ठेवलाय. मी मुठीने घालते." मी त्यांची मूठ तीनदा वजन करून पाहिली. वीस ग्रॅम, वीस ग्रॅम, एकोणीस. एवढा भरवशाचा हात मी सबंध नोकरीत पाहिला नाही. तरी काटा घरी नेऊन, खोलून, साफ करून, बरोबर करून दिला. त्यांनी मागितला नव्हता. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ नुसता बघितला आणि म्हणाल्या, "चहा घ्या."

येण्याचं लवकरच कळवतो. पलंग खिडकीशी नको, वारा लागतो.

तुझा,
भाऊ

*

१ फेब्रुवारी

बाटिकवाल्या बाईंस,

तुमची माझी ओळख नाही, आणि व्हावी अशी माझी फारशी इच्छाही नव्हती. रुमाल ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला त्यावर तुमच्या वर्गाचा पत्ता छापलेला होता, म्हणून लिहिते. तुमचे ते काटा दुरुस्त करणारे विद्यार्थी माझे धाकटे भाऊ. मी लिहिलंय हे त्यांना कळता कामा नये.

स्पष्ट बोलते. माझा भाऊ भोळा आहे. कुणी चहा दिला की त्याला आयुष्यभर लक्षात राहतं. तुमच्या मनात काही असेल तर आधीच सावध करते, कारण मागाहून 'सांगितलं नाही' असं व्हायला नको. तो घोरतो. नुसता घोरत नाही, मध्येच थांबतो, आणि थांबला की ऐकणारा उठून बसतो. जेवायला वाढलं की भात किती ग्रॅम आहे ते सांगतो. दुकानात पाकीट घेतलं की तिथेच हातावर तोलून बघतो आणि मागची रांग खोळंबते. घरातल्या घड्याळांत अर्ध्या मिनिटाचा फरक दिसला तर त्याला जेवण जात नाही. आईच्या आजारपणात तो रोज तिचा ताप लिहून ठेवायचा, अगदी दशांशापर्यंत. आई गेल्यावरही आठ दिवस ती वही घेऊन बसला होता, काय लिहावं ते कळेना म्हणून. असा आहे तो.

हे शेवटचं का लिहिलं कोण जाणे. खोडणार होते, पण पेन आहे.

तो माझ्याकडे कायमचा राहायला येणार आहे. खोली तयार आहे. तेव्हा त्याला मागे ओढू नका, एवढीच विनंती.

त्याची थोरली बहीण

*

१० फेब्रुवारी

बहीणबाईंस,

ओळख झाली.

यादीबद्दल आभार. घोरणं सोडून बाकी सगळं माझ्या लक्षात आलं होतं. घोरणं कळायचा योग आलेला नाही आणि मी त्या योगाच्या मागेही लागलेले नाही. माझ्या वर्गात तुमच्या भावाशिवाय सात बायका आहेत, त्यातल्या दोघी बोलायच्या थांबत नाहीत आणि एक रोज मेणाचं भांडं उतू घालवते. मला कुणाला मागे ओढायला वेळच नसतो.

तरी तुमची काळजी मिटावी म्हणून एक सांगते, जे मी वर्गात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मार्च संपला की वर्ग बंद. घरमालकाला जागा हवी आहे. मी दुसऱ्या गावी भाच्याकडे राहायला जाणार. तो चांगला आहे, त्याची बायकोही चांगली आहे, फक्त त्यांच्या घरात मेण चालणार नाही. तिला वास सहन होत नाही, डोकं धरतं. तिचंही बरोबर आहे. भांडी, टब, पळ्या वाटून टाकणार आहे. बत्तीस वर्षं हे केलं, आता हात धुवायचे. निळा रंग जायला किती महिने लागतात ते बघू.

तेव्हा निर्धास्त राहा. तुमचा भाऊ एप्रिलपासून तुमचाच.

तो काटा दुरुस्त करून घेऊन आला तेव्हा मला रडू येत होतं. चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. मी न मागता माझी एखादी वस्तू कुणी नीट करून आणली, असं अकरा वर्षांत झालं नव्हतं. तुम्ही स्पष्ट बोललात, म्हणून मीही बोलले. तापाच्या वहीचं खोडलं नाहीत ते बरं केलंत.

बाटिक शिकवणारी

*

१८ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

आज आशीर्वाद सगळे घे.

तुझ्या बाई फटकळ आहेत असं मला वाटतं. म्हणजे तुझ्या पत्रांवरून आपलं वाटतं. मला फटकळ माणसं आवडतात, आपल्या घरात मी सोडून कुणीच नाही.

मी काय म्हणते, मार्चअखेर वर्ग बंद झाला आणि त्या भाच्याकडे निघून गेल्या, आणि तिथे त्या भाच्याच्या बायकोला मेणाचा वास सहन होत नसला, तर तू काय करणार आहेस? बत्तीस वर्षं केलेलं काम अशी पळ्या-भांडी वाटून संपवायचं म्हणजे काय गंमत आहे का? माणसाने वेळेवर तोंड उघडावं. काटे दुरुस्त करून सगळं होत नसतं. काही गोष्टी बोलाव्या लागतात.

मी सहज आपलं लिहिलं.

पलंग मी खिडकीपासून हलवला. हलवताना मनात आलं, उगाच हलवते आहे. असो.

ताई

*

६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून मी उभ्या उभ्या खाली बसलो.

वर्ग बंद होणार हे तुला कसं कळलं? मला माहीत नव्हतं! वर्गात कुणालाच माहीत नव्हतं! भाचा, भाच्याची बायको, तिचं डोकं, हे सगळं तुला तिकडे बसून कुठून कळतं? दुसऱ्या दिवशी मी बाईंना सरळ विचारलं, "मार्चअखेर वर्ग बंद करताय हे खरं का?" त्यांच्या हातातली पळी थांबली. "कुणी सांगितलं?" म्हणाल्या. मी म्हणालो, "ताईने." त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंना बरंच कळतं हो," आणि परत मेण ढवळायला लागल्या. याचा मला लेखी खुलासा हवा आहे.

पण आधी माझं ऐक, मी कामातून गेलो आहे.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी घरी आलो आणि तीन वेळा कुलूप उघडून परत लावलं, आत जावंसंच वाटेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुझ्या आधीच आलं असणार, तू थोरली आहेस. मला त्या जायला नको आहेत. बाटिक गेलं खड्ड्यात, मला त्या इथे हव्या आहेत. आणि हे तोंडाने सांगणं मला जमणार नाही. छत्तीस वर्षं मी लोकांना जे काही सांगितलं ते नोटीस देऊन सांगितलं.

म्हणून मी नोटीस लिहिली. म्हणजे विनंती. मसुदा असा: "आपण गाव सोडू नये ही नम्र विनंती. सबब, उर्वरित आयुष्य एकत्र घालवण्याबाबत आपला विचार सवडीने कळवावा." सबब काढून टाकावं का यावर दोन दिवस गेले, शेवटी ठेवलं. हे मी कापडावर मेणाने लिहायचं ठरवलं. आम्ही कापडं मेण लावून खिडकीजवळच्या दोरीवर अडकवून घरी जातो, आणि सकाळी बाई एकट्या ती निळ्या टबात बुडवतात. पांढऱ्या कापडावर मेणाची अक्षरं कुणाच्या नजरेत येणार नाहीत. सकाळी बुडवलं की निळ्यावर पांढरी अक्षरं उमटतील, त्या वाचतील, तेव्हा मी तिथे नसेन. योजना बिनचूक होती.

लिहायला बसलो. 'आपण' लिहिलं आणि थांबलो. पळी हातात तशीच. हे बरं दिसेल का? मग 'गाव'. परत थांबलो. प्रत्येक शब्दाला थांबत होतो, ताई, आणि प्रत्येक वेळी पळीतलं मेण गार होत होतं. अक्षरं पिवळट दिसत होती ते मला दिसत होतं, पण मी अक्षरांकडे बघत होतो कुठे? मी अर्थाकडे बघत होतो. 'आयुष्य' या शब्दाला तर एवढा वेळ लागला की पळीत साय आली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेलो. दोरीवर सगळ्यांची कापडं वाळत होती. फुलं, मासे, एक घुबड. आणि शेवटी माझं. कोरं निळं. एक अक्षर नाही. रंग खालून शिरला, वर बसलेलं मेण टबातच गळून पडलं आणि सगळी विनंती धुऊन गेली. बाई म्हणाल्या, "हा तुमचा. रंग छान धरलाय." सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. एकीने विचारलं, "काय काढलं होतंत?"

मी म्हणालो, "आकाश."

"पक्षी वगैरे नाही?"

"नाही," म्हणालो.

आता मार्चचे पंचवीस दिवस उरले आहेत. नवं कापड घेऊन परत लिहावं तर हात उचलत नाही. तुझ्याकडेच येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो.

तुझा,
भाऊ

*

१२ मार्च

ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या!

'सवडीने कळवावा'? तू काय तिला काटा जमा करायला बोलावतो आहेस? हे भाऊजींना वाचून दाखवलं, त्यांनी रेडिओ बंद केला. रेडिओ!

आता तुझा लेखी खुलासा. मी बाईंना पत्र पाठवलं होतं. तुझ्या मागे. त्यात तुझे सगळे दोष लिहिले आणि तुला मागे ओढू नका म्हणून बजावलं. तुझ्या भल्यासाठी असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मला तू इथे हवा होतास. भाऊजी बोलत नाहीत, मुलं आपापल्या घरी आहेत, सगळं घर झाडून होतं आणि अकरा वाजतात. मला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि तू कुणाचाच नाहीस म्हणजे माझाच, असं मी धरून चालले होते. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. रागव. पण रागवायचं ते मग रागव.

त्यांनी मला उत्तर पाठवलं. ते मी तुला दाखवणार नाही, ते आमचं दोघींचं आहे. एवढंच सांगते, तुझ्या काट्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

एप्रिलमध्ये इकडे यायचं नाही. आलास तर दार उघडणार नाही. कापड नको, मेण नको, मसुदा नको, आणि ते सबब तर मुळीच नको. जा आणि तोंडाने विचार. नाही म्हणाल्या तर ये, मी आहे.

ताई

*

३१ मार्च

ती. ताईस,

पूर्ण साष्टांग. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.

तुझ्या पत्राचा राग आला. तासभर होता. मग लक्षात आलं की तू पत्र पाठवलं नसतंस तर वर्ग बंद होणार हे मला शेवटच्या दिवशी, पळ्या वाटताना कळलं असतं. राग गेला. आणि तू एकटी आहेस हे मला कधी सुचलंच नाही, याची मला जास्त लाज वाटली. आता दर आठवड्याला पत्र टाकीन. उत्तरं लांब हवीत.

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी रोज तोंड उघडायला गेलो आणि रोज काहीतरी भलतंच बोलून आलो. एकदा हवेतल्या दमटपणाबद्दल बोललो. एकदा तर मी पळ्यांची मोजदाद करून दिली. काल शेवटचा दिवस होता. सगळ्या जणी रडून, पळ्या घेऊन गेल्या. खोलीत चौकटी नाहीत, दोरी नाही, फक्त निळ्या रंगाचा मोठा टब उरला होता. तो खाली नेऊन ओतायचा होता. बाई म्हणाल्या, "एक बाजू धरा."

मी उलटा उतरत होतो, त्या वरच्या बाजूला. जिना अरुंद. मध्ये टब. दोघांचेही हात गुंतलेले. अर्ध्यावर आलो आणि त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आकाश नव्हतं ना काढलंत?"

माझा पाय चुकता चुकता राहिला. त्या म्हणाल्या, "बुडवण्याआधी प्रत्येक कापड मी खिडकीत उजेडाला धरून बघते. मेण नीट लागलंय का ते. तुमचंही धरलं."

"म्हणजे वाचलंत?"

"सबबपर्यंत वाचलं. मग हसू आलं, म्हणून खाली बसले. उरलेलं बसून वाचलं."

मी म्हणालो, "मग मेण गार होतं हे दिसलंच असेल तुम्हाला. तरी बुडवलंत? सगळं जाणार हे माहीत असून?"

त्या म्हणाल्या, "माहीत होतं म्हणूनच बुडवलं. उमटलं असतं तर मला कापडावरच उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तुम्ही जन्मभर कापडं पाठवत बसला असता. म्हटलं, बघू तोंडाने विचारतात का. चोवीस दिवस वाट बघतेय मी. तुम्ही दमटपणाबद्दल बोलता."

ताई, मी बोलायला तोंड उघडलं आणि टब कलला. त्या ओरडल्या, "आधी खाली ठेवा!" ठेवला. पायरीवर कसाबसा टेकवला, मी गुडघ्याने धरून ठेवला होता.

"हं, विचारा आता," म्हणाल्या.

मी विचारलं. एका वाक्यात, साध्या शब्दांत. काय विचारलं ते तुलाही सांगणार नाही. माझ्या घराची मागची खोली मेणाला देईन हेही सांगितलं, वास आला तर येऊ दे म्हणालो. माझा आवाज चिरकत होता. सुतारकामाच्या वर्गाचं दार उघडं होतं, आत करवती थांबल्या होत्या, सगळे ऐकत होते. मला कशाचं काही वाटलं नाही.

त्या "हो" म्हणाल्या.

मी म्हणालो, "पुन्हा एकदा म्हणा."

"एकदा म्हटलं तेवढं पुरे," त्या म्हणाल्या, पण त्यांना रडू फुटलं होतं, आणि निळ्या हातांनी डोळे पुसल्यामुळे सगळं तोंड निळं झालं. मग म्हणाल्या, "हा टब खाली कशाला न्यायचा आता? उगाच ओतून टाकायचा. चांगला रंग आहे. तुमच्या घरी जाईल."

ताई, आम्ही तो टब दोघांनी तसाच भरलेला, भर रस्त्यातून, माझ्या घरापर्यंत चालत नेला. पाऊण तास लागला. लोक बाजूला होत होते. अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं. मला इतका आनंद झाला आहे की मी वाटेत एकही पायरी मोजली नाही.

तुझा,
भाऊ